रेम्ब्रँट : एका वृद्धाच्या चित्रातून उलगडणारे आयुष्य

घरांतून, पेढ्यांतून आणि संस्थांच्या सभागृहांतून वडीलधाऱ्यांच्या तसबिरी लावण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. अशा तसबिरीकडे आपण आदराने पाहतो, प्रसंगी हार घालतो. परंतु त्या चेहऱ्याचे वाचन मात्र क्वचितच करतो. तसबीर काढणाऱ्याचाही कल बहुधा माणूस होता त्याहून थोडा अधिक प्रतिष्ठित दाखविण्याकडे असतो. सुरकुत्या कमी होतात, अंगरख्याची इस्त्री मोडत नाही, नजरेत अधिकार येतो. काळाच्या ओघात मूळ माणूस विस्मरणात जातो आणि उरते ती केवळ प्रतिष्ठा.

सतराव्या शतकात हॉलंडमध्ये होऊन गेलेल्या एका चित्रकाराने मात्र स्वतःच्या बाबतीत ही सवलत नाकारली. त्याचे नाव रेम्ब्रँट हार्मेन्सझोन व्हान रैन. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याने स्वतःचे काढलेले एक तैलचित्र आहे. सुमारे ८६ सेंटिमीटर उंच आणि ७० सेंटिमीटर रुंद असे हे चित्र १६६९ मधील असून त्या वेळी त्याचे वय ६३ वर्षांचे होते. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तो मरण पावला. या चित्रातील म्हातारा आपल्याला काय सांगतो, हे समजून घ्यावयाचे तर त्याचे आयुष्य जाणून घेणे अगत्याचे आहे. त्याचबरोबर हेही पाहिले पाहिजे की, आयुष्य जाणून घेतल्यामुळे त्या चेहऱ्यावर नसलेले काही आपण वाचत तर नाही ना? प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा विचार करण्याचा प्रयत्न आहे.

पवनचक्कीवाल्याचा मुलगा

रेम्ब्रँटचा जन्म १५ जुलै १६०६ रोजी लायडन या गावी झाला. वडील पवनचक्कीचे मालक होते आणि आई पाववाल्याची मुलगी होती. ऱ्हाइन नदीच्या काठच्या चक्कीवरूनच या घराण्याला व्हान रैन हे नाव पडले. लायडन हे त्या काळी लोकरी कापडाच्या उत्पादनासाठी युरोपभर नावाजलेले शहर होते. मुलाने शिकून मोठे व्हावे या इच्छेने आईवडिलांनी त्याला लॅटिन शाळेत घातले. १६२० मध्ये लायडन विद्यापीठाच्या पटावर त्याचे नाव नोंदले गेले. तथापि त्याचे मन चित्रकलेत गुंतलेले होते. लायडनच्या याकोब व्हान स्वानेनबुर्ख याच्या हाताखाली सुमारे तीन वर्षे आणि त्यानंतर अ‍ॅम्स्टरडॅमच्या पीटर लास्टमन याच्याकडे सुमारे सहा महिने अशी उमेदवारी करून त्याने लायडनमध्येच स्वतंत्र काम सुरू केले.

त्या सुरुवातीच्या दिवसांत पैसे देऊन समोर बसविण्यासाठी माणूस मिळणे कठीण होते. आरसा मात्र फुकट होता. हसताना, दचकताना, रागावताना, तोंड वासून आश्चर्य करताना चेहऱ्याचे स्नायू कसे हलतात, हे तो स्वतःच्याच चेहऱ्यावरून शिकला. येथून सुरू झालेला हा परिपाठ त्याने ४० वर्षे चालू ठेवला. त्याची स्वतःची सुमारे ४० रंगचित्रे आणि सुमारे ३० अम्लरेखने आज मानली जातात. त्या काळापर्यंत कोणत्याही चित्रकाराने स्वतःला इतक्या वेळा आणि इतक्या वयांत रंगविलेले नव्हते.

उत्कर्षाचा काळ

१६३१ च्या सुमारास तो अ‍ॅम्स्टरडॅमला आला. हे शहर तेव्हा जगाच्या व्यापाराची पेढी बनलेले होते. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे मसाले, रेशीम आणि आपल्या सुरतेकडील सुती कापड घेऊन या बंदरात येत. व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळत होता आणि घराच्या भिंतीवर स्वतःचे व्यक्तिचित्र असावे ही हौस वाढली होती. हेन्ड्रिक आउलेनबुर्ख नावाच्या चित्रविक्रेत्याकडे राहून रेम्ब्रँटने ही मागणी पुरविण्यास आरंभ केला. १६३२ मध्ये त्याने डॉक्टर टुल्प यांचे शरीरशास्त्राचे व्याख्यान हे समूहचित्र रंगविले आणि वयाच्या २६ व्या वर्षी त्याचे नाव शहरभर झाले.

१६३४ मध्ये त्याचा विवाह सास्किया हिच्याशी झाला. ती आउलेनबुर्खच्या नात्यातली, लेउवार्डन शहराच्या नगराध्यक्षपदी राहिलेल्या गृहस्थाची मुलगी होती आणि तिच्यामागे चांगली संपत्ती होती. पवनचक्कीवाल्याच्या मुलाचे उच्चभ्रू वर्तुळात पाऊल पडले. १६३९ च्या जानेवारीत त्याने ब्रेस्ट्राट या रस्त्यावरील एक मोठे घर १३,००० गिल्डरना विकत घेतले. कुशल कारागिराला वर्षभर राबून काही शेकडा गिल्डर मिळत, हे ध्यानी घेतले म्हणजे या रकमेचा अंदाज येईल. किमतीचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षात आणि उरलेली रक्कम पुढील पाच-सहा वर्षांत द्यावयाची होती. पुढच्या सर्व आपत्तींचे मूळ या व्यवहारात आहे.

याच सुमाराचे, म्हणजे १६४० मधील त्याचे आणखी एक आत्मचित्र नॅशनल गॅलरीतच आहे. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. एप्रिल १६३९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या लिलावात राफाएलने काढलेले कास्तिल्योने या सरदाराचे चित्र ३,५०० गिल्डरना विकले गेले. रेम्ब्रँट त्या लिलावाला हजर होता. त्याने तेथेच त्याचे टाचण केले आणि किंमतही टिपून ठेवली. पुढच्या वर्षी स्वतःचे चित्र काढताना त्याने बसण्याची ढब राफाएल आणि टिशियन या इटालियन आचार्यांकडून घेतली. कठड्यावर हात टेकलेला, अंगावर मखमल आणि फर, आणि पोशाख शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीचा. मी या थोरांच्या पंक्तीत बसणारा आहे, असा त्या चित्राचा दावा आहे. दावा खोटा नव्हता. परंतु तो दावा होता.

उतरती कळा

सास्कियाला झालेली पहिली तीन मुले तान्हेपणीच दगावली. १६४१ मध्ये जन्मलेला टायटस हा एकटा वाचला. पुढच्याच वर्षी, १४ जून १६४२ रोजी, सास्किया वारली. त्याच वर्षी रेम्ब्रँटने नाइट वॉच या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले प्रचंड समूहचित्र पूर्ण केले. हे चित्र गिऱ्हाइकांनी नाकारले आणि तेथून त्याचे दैव फिरले, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती खरी नाही. चित्र स्वीकारले गेले आणि त्याचे सुमारे १,६०० गिल्डर त्याला मिळाले.

खरी कारणे अधिक साधी आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहेत. एक तर त्याच्या कामाचा वेग मंदावला होता. गिऱ्हाईक नितळ, गुळगुळीत रंगकामाची मागणी करीत असता त्याचे रंगलेपन मात्र दिवसेंदिवस जाड आणि खरखरीत होत चालले होते. दुसरे म्हणजे त्याला संग्रहाचा अनावर नाद होता. जुनी चित्रे, रोमन सम्राटांचे अर्धपुतळे, शिंपले, पोवळी, शस्त्रे, वाद्ये, परदेशी वस्त्रे असे जे जे लिलावात येई ते तो चढ्या बोलीने घेई. तिसरे म्हणजे घराचे हप्ते त्याने थकविले होते. १६५२ ते १६५४ या काळात इंग्लंडशी युद्ध होऊन अ‍ॅम्स्टरडॅमचा व्यापार बसला, तेव्हा घराच्या मूळ मालकाने बाकीचा तगादा लावला. व्याजासह ही बाकी ८,४०० गिल्डरच्या वर गेली होती. ती भागविण्यासाठी त्याने १६५३ मध्ये कॉर्नेलिस विटसेन, इसाक व्हान हेर्ट्सबेक आणि यान सिक्स यांच्याकडून मिळून ९,००० गिल्डरहून अधिक रक्कम उसनी घेतली. एक देणे फेडण्यासाठी दुसरे देणे करणे म्हणजे केवळ धनको बदलणे होय, हे कोणत्याही व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

येथे त्याच्या वर्तनातील एक डागही नमूद करणे आवश्यक आहे. सास्कियाच्या पश्चात टायटसला सांभाळण्यासाठी खेर्टये डिर्क्स नावाची विधवा घरी आली. रेम्ब्रँटचे तिच्याशी संबंध जुळले आणि पुढे बिघडले. १६४९ मध्ये तिने विवाहाच्या वचनभंगाची तक्रार केली आणि न्यायासनाने तिला दरसाल २०० गिल्डर पोटगी देण्याचा हुकूम केला. त्यानंतर १६५० मध्ये तिला खाउडा येथील सुधारगृहात डांबण्यात आले. त्यात रेम्ब्रँटचा हात होता, हे कागदपत्रांवरून स्पष्ट होते. सुमारे पाच वर्षांनी तिची सुटका झाली. थोर कलावंत हा थोर मनुष्य असतोच असे नाही. चरित्र सांगताना हे पान वगळले, तर आपणही त्याची इस्त्री केलेली तसबीरच लावीत आहोत असे होईल.

पुढे त्याच्या घरी आलेली हेन्ड्रिक्ये स्टोफेल्स त्याची अखेरपर्यंत सोबतीण झाली. सास्कियाच्या मृत्युपत्रानुसार पुनर्विवाह केल्यास तिच्या संपत्तीच्या उपभोगाचा त्याचा हक्क जाणार होता. म्हणून त्याने हेन्ड्रिक्येशी विधिवत विवाह केला नाही. याचा जाच तिला झाला. १६५४ मध्ये चर्चच्या मंडळाने तिला बोलावून दोषी ठरविले. त्याच वर्षी तिला कॉर्नेलिया ही मुलगी झाली.

३६३ नोंदींची यादी

मे १६५६ मध्ये रेम्ब्रँटने ब्रेस्ट्राटचे घर अज्ञान मुलाच्या, म्हणजे टायटसच्या नावे करून दिले. आईच्या वारशातील मुलाचा वाटा सुरक्षित ठेवणे हे कारण दाखविले गेले. परंतु धनकोंच्या दृष्टीने तो मालमत्ता बाजूला काढण्याचाच प्रकार होता. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्याने आपली सर्व मालमत्ता धनकोंच्या हवाली करण्याचा अर्ज केला. २५ आणि २६ जुलै १६५६ रोजी अधिकाऱ्यांनी घरात फिरून खोलीवार यादी केली. या यादीत ३६३ नोंदी आहेत.

वाणिज्याचा अभ्यास केलेल्या माणसाला ही यादी कादंबरीपेक्षा अधिक खिळवून ठेवते. दालनातील चित्रे, सम्राटांचे पुतळे, पृथ्वीचे गोल, राफाएल आणि मान्तेन्या यांच्या कलाकृतींचे बाड, असे सर्व तपशील तीत आहेत. अगदी शेवटी धुवायला टाकलेल्या कपड्यांची नोंद आहे : पुरुषाचे तीन सदरे, सहा हातरुमाल, बारा जेवणाचे रुमाल, तीन टेबलावरची कापडे आणि काही गळपट्ट्या व मनगटपट्ट्या. धोब्याकडे गेलेला सदराही यादीतून सुटला नाही.

लिलाव झाले, पण बाजार मंदीचा होता. आयुष्यभर जमविलेल्या रेखाटनांना आणि छापचित्रांना मिळून सुमारे ६०० गिल्डर आले. १३,००० चे घर १६५८ मध्ये ११,२१८ गिल्डरना गेले. वारसा आणि कर्ज यांचे दावे पुढे बरीच वर्षे चालले. सास्कियाच्या मृत्यूच्या वेळची दोघांची सामाईक संपत्ती ४०,७५० गिल्डर धरून तिच्या निम्म्यावर टायटसचा हक्क सांगण्यात आला. तो अग्रक्रमाचा ठरला. १६६५ मध्ये टायटसला ६,९५२ गिल्डर मिळाले आणि हेर्ट्सबेकला हाती आलेले ४,२०० गिल्डर परत करावे लागले. म्हणजे या दिवाळखोरीत रेम्ब्रँट बुडाला तसा विश्वासाने पैसे देणारा सावकारही बुडाला. कलेच्या इतिहासात त्याची हळहळ फारशी कोणी केलेली नाही. हिशेब पाहणाऱ्याने ती करावी.

याच काळात त्याच्या हातून एक काम झाले, ज्याचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. मोगल दरबारातील लघुचित्रे त्याच्या पाहण्यात आली आणि १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्याने त्यांवरून रेखाटने केली. त्यांपैकी वीसहून अधिक आज उपलब्ध आहेत. जहांगीर आणि शहाजहान यांच्या आकृती त्यांत आहेत. त्या वेळी शहाजहान हयात होता. झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांचे एक रेखाटन ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच मांडणीवरून रेम्ब्रँटने १६५६ मध्ये बायबलमधील अब्राहम आणि देवदूत यांचे अम्लरेखन केले. घरावर जप्ती येत असता हा माणूस हजारो कोस दूरच्या अनाम चितेऱ्यांकडून शांतपणे शिकत होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कापडाचे पारखी

घर गेल्यावर कुटुंब रोझेनग्राख्ट या साध्या वस्तीत भाड्याने राहू लागले. डिसेंबर १६६० मध्ये हेन्ड्रिक्ये आणि टायटस यांनी भागीदारीत चित्रांचा व्यवसाय काढला आणि रेम्ब्रँटला त्यात नोकरासारखे ठेवले. त्याच्या नावे काहीच नसल्यामुळे धनकोंना जप्त करण्यासारखे काही उरले नाही.

नव्या नगरभवनासाठी त्याने काढलेले क्लॉडियस सिव्हिलिसच्या शपथेचे भव्य चित्र १६६२ मध्ये तेथून उतरविले गेले. विकता यावे म्हणून त्याने ते कापून लहान केले. तो तुकडा आज स्टॉकहोम येथे आहे. परंतु त्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅमच्या कापड-निरीक्षकांनी आपले समूहचित्र काढण्याचे काम त्याला दिले. रंगविलेल्या लोकरी कापडाची प्रत ठरविणारे हे अधिकारी एका वर्षासाठी नेमले जात. नमुन्याशी ताडून ते कापड पारखीत आणि प्रतीप्रमाणे त्यावर शिशाचे शिक्के मारीत. उत्तम मालाला चार शिक्के असत. चित्रात पाच निरीक्षक आणि एक सेवक आहे. पाच जण ख्रिस्ती धर्मातील निरनिराळ्या पंथांचे होते, पण पारख करताना एकाच मेजाशी बसत. मेजावर जाड तांबडा गालिचा आहे आणि कोणीतरी दालनात आल्याप्रमाणे सर्वांच्या नजरा समोर लागल्या आहेत. ज्यांनी कापडाच्या ठाणावर हात फिरवून पोत ओळखण्यात हयात घालविली त्यांना हे चित्र विशेष जवळचे वाटेल. दिवाळे निघालेल्या माणसावर शहरातील सर्वांत चोख पारख्यांनी विश्वास टाकला. त्याची पत गेली होती, परंतु हातातील कसब उणे झालेले नव्हते, याचा हा पुरावा होय.

१६६२ मध्ये त्याने सास्कियाची दफनाची जागा विकली. १६६३ मध्ये हेन्ड्रिक्ये वारली. फेब्रुवारी १६६८ मध्ये टायटसचे लग्न झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी हा एकुलता मुलगा निवर्तला. मार्च १६६९ मध्ये त्याची मुलगी टिटिया जन्मली. अशा स्थितीत, घरात पंधरा वर्षांची कॉर्नेलिया तेवढी सोबतीला असता, हा ६३ वर्षांचा माणूस पुन्हा आरशासमोर उभा राहिला.

चित्राचे वाचन

आता आपण त्या चित्राकडे वळू. पार्श्वभूमी तपकिरी व अंधारी आहे. अंगात गडद तांबडा झगा, त्याला फरची किनार. डोक्यावर फिक्या रंगाची टोपी. उजेड कपाळावर आणि गालावर पडला आहे. कपाळाचे आणि नाकाचे रंगलेपन इतके जाड आहे की, कातडीचा खडबडीतपणा बोटाला लागावा. डोळ्यांखालची कातडी लोंबली आहे, केस पांढरे व विरळ आहेत. कपड्यांवर मात्र त्याने वेळ दवडलेला नाही. १६४० च्या चित्रात मखमल आणि फर डोळ्यांत भरते, येथे वस्त्र केवळ अंग झाकण्यापुरते आहे. दोन्ही हात समोर जुळवून ठेवलेले आहेत.

क्ष-किरणांच्या साहाय्याने या चित्राच्या पोटातील आधीची अवस्था दिसून आली आहे. प्रथम त्याने डोक्यावर मोठे पांढरे पागोटे रंगविले होते. ते त्याने लहान केले आणि त्याचा रंग उतरविला, जेणेकरून पाहणाऱ्याचे लक्ष पागोट्यावर न जाता चेहऱ्यावर जावे. तसेच आधी त्याच्या हातात कुंचला होता. तोही त्याने काढून टाकला आणि हात मिटून घेतले. १९६७ मधील सफाईत त्याची सही आणि १६६९ हे साल उघड झाले. म्हणजे चित्रकाराचे चिन्ह म्हणता येईल ते सर्व त्याने आयुष्याच्या शेवटच्या वर्षी स्वतःच्या हाताने पुसले, असा याचा अर्थ होतो.

याच्या उलट उदाहरण लंडनच्याच केनवुड हाउसमध्ये आहे. १६६५ नंतरच्या त्या आत्मचित्रात तो रंगपाटी आणि कुंचले घेऊन उभा आहे आणि मागील भिंतीवर दोन मोठी वर्तुळे अर्धवट दिसतात. ही वर्तुळे कशाची, यावर विद्वानांचा खल अद्याप चालू आहे. कोणी म्हणतात ते भिंतीवरील जगाच्या नकाशाचे दोन गोलार्ध. कोणी म्हणतात, एका फटकाऱ्यात बिनचूक वर्तुळ काढून दाखविणाऱ्या जॉट्टोची ती आठवण. कसेही असले तरी त्या चित्रातील वृद्ध हा कामावर उभा असलेला कारागीर आहे. १६६९ च्या चित्रातील वृद्धाने काम बाजूला ठेवलेले आहे.

एकोणिसाव्या शतकापासून बहुतेक लेखकांनी या चेहऱ्यावर दुःख वाचले. बायको गेली, घर गेले, मुलगा गेला; तेव्हा हे डोळे उदास असणारच, असे त्यांचे म्हणणे. याला दुसरी बाजू आहे. रेम्ब्रँटचे आयुष्यभर संशोधन केलेले डच अभ्यासक अर्न्स्ट व्हान डे व्हेटेरिंग यांनी असे प्रतिपादन केले की, त्या काळी कोणी स्वतःच्या मनाचा शोध घेण्यासाठी आत्मचित्र काढीत नसे. प्रसिद्ध चित्रकाराचा चेहरा आणि त्याच्याच हातचे काम हे दोन्ही एकाच चित्रात मिळावे, अशी संग्राहकांची मागणी असे, आणि रेम्ब्रँट ती पुरवीत होता. या म्हणण्याला आधार आहे. अखेरच्या काळात तो विस्मृतीत गेलेला नव्हता. सिसिलीतील अन्तोनियो रुफ्फो या सरदाराने अ‍ॅरिस्टॉटलच्या चित्रासाठी त्याला पूर्वीच ५०० गिल्डर दिले होते, आणि १६६७ मध्ये फ्लॉरेन्सचा राजपुत्र कोसिमो मेडिची त्याच्या चित्रशाळेला भेट देऊन गेला होता.

तथापि विक्रीसाठी केलेले काम प्रामाणिक असू शकत नाही, असे मानण्याचे कारण नाही. विकण्यासाठी विणलेले सणंगही विणकराच्या सचोटीची साक्ष देते. गिऱ्हाइकासाठी का होईना, पण चेहऱ्यातील एकही उणीव झाकावयाची नाही, हा निर्णय चित्रकाराचा स्वतःचा होता. आणि नीट पाहिले असता या चेहऱ्यावर आत्मदया आढळत नाही. ओठ मिटलेले आहेत. नजर थेट आपल्याकडे आहे, पण ती काही मागत नाही. सहानुभूतीची याचना नाही, झाल्या गोष्टींची सफाई नाही आणि १६४० सारखा दावाही नाही. वर्षअखेरीस वही समोर घेऊन जमा आणि नावे या दोन्ही बाजू तशाच्या तशा मांडणाऱ्या माणसाची ही मुद्रा आहे. ज्याने एकदा आपल्या मालमत्तेची यादी दुसऱ्यांना करू दिली, त्याने ही शेवटची यादी स्वतः केली. आणि या वेळी कोणतीही वस्तू दुसऱ्याच्या नावे केलेली नाही.

अखेर आणि नंतर

८ ऑक्टोबर १६६९ रोजी वेस्टरकेर्क या चर्चमध्ये भाड्याच्या जागेत त्याचे दफन झाले. ती नेमकी जागा आज कोणाला ठाऊक नाही. ज्या घरापायी तो बुडाला ते घर आज त्याच्या नावाचे संग्रहालय असून जप्तीच्या त्याच यादीच्या आधारे त्याची दालने पुन्हा सजविण्यात आली आहेत. धनकोंसाठी केलेली यादी अशा रीतीने वारसांच्या कामी आली. नॅशनल गॅलरीने ६३ व्या वर्षाचे चित्र १८५१ मध्ये आणि ३४ व्या वर्षाचे १८६१ मध्ये विकत घेतले. रुफ्फोसाठी ५०० गिल्डरना काढलेले अ‍ॅरिस्टॉटलचे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९६१ मध्ये २३ लाख डॉलरना घेतले.

या आकड्यांनी आपण स्तिमित होतो, परंतु त्याच्या हयातीतील हिशेबात त्यांनी काही फरक पडत नाही. खेर्टयेची पाच वर्षे परत येत नाहीत आणि हेर्ट्सबेकचे ४,२०० गिल्डरही फिटत नाहीत. रेम्ब्रँटने हे सारे फेडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. एवढे मात्र म्हणता येते की, स्वतःकडे पाहण्याची वेळ आली तेव्हा त्याने मान वळविली नाही.

उतारवयात आपल्यापैकी प्रत्येकाची एखादी तसबीर निघतेच. ती भिंतीवर लागेल, पुढची पिढी तिच्याखालून ये-जा करील. त्या तसबिरीत वस्त्रे कोणती होती, पागोटे केवढे होते, हे फार काळ कोणाच्या ध्यानी राहत नाही. नजर खरी होती की नाही, एवढे मात्र साडेतीनशे वर्षांनंतरही कळते. लंडनला जाण्याचा योग ज्यांना येईल त्यांनी नॅशनल गॅलरीतील ही दोन्ही चित्रे, आधी ३४ व्या वर्षाचे आणि मग ६३ व्या वर्षाचे, अशा क्रमाने अवश्य पाहावीत आणि दुसऱ्या चित्रासमोर थोडा अधिक वेळ उभे राहावे.